दूध कोणाच्या पेल्यात?

डोंबिवलीत आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाली, "अर्ध्या लिटरच्या पिशवीत सगळ्यांचं भागत नाही. दूध मुलाला देते, मुलगी चहा पिते."

आपल्या डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशींत जनुकं तीच असतात. तरी कामं वेगळी, कारण प्रत्येक पेशी काही जनुकं वापरते, बाकीची मिटून ठेवते. डीएनएवर मिथाइल नावाची बारीक खूण चिकटली की ते जनुक बहुधा गप्प होतं. डीएनएची गुंडाळी घट्ट झाली तरी तेच. मजकूर तोच, वाचन बदलतं.

ही खूण तयार व्हायला फोलेट आणि बी-१२ जीवनसत्त्व लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून जवळच्या खेड्यांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास केला. गरोदरपणी ज्यांना बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त दिसली. त्यामागे या खुणा असाव्यात, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

फोलिकच्या गोळ्या बंद करू नका, बी-१२बद्दलही डॉक्टरांना विचारा. ते दूध, दही, अंडी, मासळीतून मिळतं, पालेभाजीतून नाही. आईला दोष देऊ नका, तिचं ताट घरानेच वाढलेलं असतं. आज मुलीच्याही पेल्यात दूध ओता.