कुर्ट टँक यांचे ‘मारुत’
फॉके-वुल्फ १९० या जर्मन लढाऊ विमानाचे रचनाकार कुर्ट टँक (१८९८–१९८३) स्वतः कसलेले वैमानिकही होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अर्जेंटिनात ‘पुल्की-२’ हे जेट विमान घडवून १९५६ मध्ये ते बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले. ‘एचएफ-२४ मारुत’ या लढाऊ विमानाची आखणी पारखण्यासाठी तिथे आधी त्याच आकाराचे लाकडी, बिनइंजिनाचे विमान बनवले गेले; डकोटा विमान ते ओढत आकाशात नेऊन सोडायचे! १७ जून १९६१ रोजी खरे मारुत उडाले. विमान देखणे, दणकट; पण ठरलेले ताकदवान ऑर्फियस इंजिन ब्रिटनकडून मिळालेच नाही. कमी ताकदीच्या दोन इंजिनांवर भागवावे लागले आणि आवाजाच्या दुप्पट वेगाचे उद्दिष्ट तिथेच अडले. त्याचा ठपका टँक यांच्या रचनेवर ठेवणे अन्यायाचे आहे. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात पश्चिम आघाडीवर मारुतने जमिनीलगत हल्ले चढवले.