धूर ओळखणारे अमेरिशियम

१९३० च्या दशकात वॉल्टर येगर हा स्विस भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायूची चाहूल देणारे उपकरण बनवू पाहत होता. हवेतले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, एक अगदी क्षीण विद्युतप्रवाह वाहून नेतील आणि वायू शिरताच तो प्रवाह बदलेल, अशी त्याची अटकळ होती. वायूने काहीच घडले नाही. वैतागून त्याने सिगारेट पेटवली, आणि मीटरचा काटा घसरला! काटा हलला होता तो सिगारेटच्या धुराने. घराघरांत पोहोचलेल्या धूरसूचक यंत्राचे मूळ या फसलेल्या प्रयोगात आहे.

पुढे या यंत्राला एक अद्भुत सोबती मिळाला. ग्लेन सीबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये शिकागोत अमेरिशियम हे मूलद्रव्य तयार केले. युद्धकाळात ते गुपित होते. ११ नोव्हेंबर १९४५ रोजी मुलांच्या एका रेडिओ कार्यक्रमात एका मुलाने नव्या मूलद्रव्यांबद्दल विचारले, आणि सीबोर्गने ही बातमी पहिल्यांदा जगाला तिथेच सांगितली.

आयनीकरण पद्धतीच्या यंत्रात या अमेरिशियमचे सुमारे ०.३ मायक्रोग्रॅम संयुग असते; एका ग्रॅमात तीस लाखांहून जास्त यंत्रे होतील. त्यातून निघणारे अल्फा कण हवेचे आयन करतात आणि दोन पट्ट्यांमधून प्रवाह वाहू लागतो. धुराचे कण आयनांना चिकटले की प्रवाह मंदावतो आणि भोंगा वाजतो. अल्फा कण साध्या कागदानेही अडतात, म्हणून बंद डबीतून धोका नाही. ती उघडण्याचा खटाटोप मात्र कधीही करू नये.

दुसरी पद्धत प्रकाशाची. अंधाऱ्या कोठडीत प्रकाशाचा झोत सोडलेला असतो आणि संवेदक त्याच्या वाटेबाहेर बसवलेला. धूर आला की प्रकाश विखुरतो आणि संवेदकावर पडतो. भडकलेली आग आयनीकरण यंत्र लवकर ओळखते, तर गादी किंवा सोफा आतल्या आत धुमसत असेल तर प्रकाशाचे यंत्र आधी जागे होते. घरासाठी माझे स्पष्ट मत दुसऱ्या प्रकाराकडे झुकते, कारण रात्री झोपेत माणसाला वास येत नाही आणि धुमसणारी आग तेवढ्यात खोली धुराने भरून टाकते. शिवाय फोडणीच्या धुराने आयनीकरण यंत्र जास्त वेळा उगाच कोकलते. मग कोणीतरी चिडून बॅटरी काढून ठेवतो आणि घर निराधार होते. परदेशातल्या मराठी घरांत हा अनुभव नवा नाही. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारे यंत्र लावावे, आणि धुराचे यंत्र शेगडीपासून निदान तीन मीटर दूर असावे.

धूर वर चढतो, म्हणून जागा छतावर, किंवा भिंतीवर छताखाली तीस सेंटिमीटरच्या आत. प्रत्येक झोपायच्या खोलीत एक, आणि बाहेरच्या वाटेवर एक. आपल्याकडे छताचा पंखा सर्वत्र असतो. त्याच्या पात्याच्या टोकापासून यंत्र तीन फूट तरी दूर हवे, नाहीतर वाऱ्याने धूर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

अमेरिशियमचे अर्धायुष्य ४३२ वर्षे आहे. तरीही यंत्र दहा वर्षांनी बदलावेच लागते, कारण दहा वर्षांत किरणोत्सर्ग जेमतेम दीड टक्का घटतो, पण धूळ, कीटक आणि जुने झालेले इलेक्ट्रॉनिक भाग संवेदकाला बधिर करतात. म्हणून अधूनमधून व्हॅक्यूम क्लीनरने जाळी झाडा, रंगकाम करताना त्यावर रंग लागू देऊ नका. मिनिटाला एकदा बारीक चिवचिवाट ऐकू आला तर तो बॅटरी संपत आल्याचा इशारा. दहा वर्षांची बंदिस्त लिथियम बॅटरी असलेले यंत्र घेतलेत तर हा त्रास टळतो.

आज घरी गेल्यावर यंत्राच्या पाठीवरची निर्मितीची तारीख बघा आणि चाचणीचे बटण दाबा. दर महिन्याला एकदा दाबत राहा, आणि यंत्र गप्प राहिले तर नव्या यंत्रासाठी उद्याची वाट पाहू नका.