गिझर पेटायला नकार देतो तेव्हा

सकाळी साडेसहाला कल्याणात, खडकपाड्यापासून कोळसेवाडीपर्यंत, घराघरांत अंघोळीसाठी घाई चाललेली असते. फास्ट लोकल कुणासाठी थांबत नाही. गरम पाण्याचा नळ उघडला की गॅस गिझरमध्ये टिकटिक होते आणि भप्पकन ज्योत पेटते, हे इतकं सवयीचं की कुणाचं लक्षही जात नाही. मग एखाद्या दिवशी टिकटिक होते आणि गिझर गप्प बसतो. नळ बंद करून पुन्हा उघडावा, तर पुन्हा तेच. मग कुणी गिझरवर थापट्या मारतं, कुणी सेल काढून हातावर घासून परत बसवतं, तर कुणी वैतागून गार पाण्यानंच अंघोळ उरकतं.

अशा वेळी गिझर बिघडला असं आपण म्हणतो. पुष्कळदा मात्र त्यानं गॅस मुद्दाम रोखून धरलेला असतो. पाणी, हवा, ज्योत यांपैकी एकाची जरी खात्री पटली नाही, तरी गॅस सोडायचा नाही, अशीच त्याची रचना आहे. म्हणून तो नेमका कोणत्या टप्प्यावर अडला हे ओळखता आलं, तर निम्मं काम घरातच होतं. उरलेलं निम्मं काम कधीच घरात करू नये, हेही त्यातूनच कळतं.

गिझरच्या पुढच्या पत्र्याआड काय घडतं ते क्रमानं पाहू. नळ उघडला की आत शिरणारं पाणी एका रबरी पडद्याला ढकलतं. मेकॅनिक त्याला डायफ्राम म्हणतात. पडदा एक छोटी दांडी पुढे सारतो, दांडी स्विच दाबते आणि दीड-दीड व्होल्टच्या दोन मोठ्या सेलवर चालणारी नियंत्रणाची पेटी जागी होते. ती ठिणग्या पाडते आणि त्याच वेळी गॅसची झडप उघडते. बर्नरवर धातूची एक बारीक काडीही असते. ज्योतीतून अत्यंत क्षीण वीज वाहू शकते. या काडीला तेवढी वीज मिळाली, तरच पेटीला ज्योत पेटल्याचं कळतं. काही सेकंदांत तो निरोप आला नाही की झडप मिटते आणि नळ बंद करून पुन्हा उघडेपर्यंत मिटलेलीच राहते.

त्यामुळे दुरुस्तीची सुरुवात कानापासून होते. टिकटिकच ऐकू येत नसेल, तर दोष पाण्याचा किंवा सेलचा. टिकटिक होते पण ज्योत येत नाही, तर गॅसचा. ज्योत येऊन दोन-चार सेकंदांत विझते, तर संशय त्या बारीक काडीवर. आणि गिझर काही मिनिटं नीट चालून मग बंद पडत असेल, तर प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर असू शकतं.

पाण्याची गोष्ट कल्याण-डोंबिवलीकरांना जवळची आहे. शहराला पाणी मुख्यतः उल्हास नदीचं मिळतं. बारावे, मोहिली इथल्या केंद्रांत ते शुद्ध होतं आणि ठरावीक वेळी येऊन इमारतीच्या टाक्यांत साठतं. गच्चीवरच्या टाकीतून घरात येणाऱ्या पाण्याचा जोर उंचीवर ठरतो: दर दहा मीटरला साधारण एक बार. बऱ्याच गिझरना पेटायला किमान ०.२ बारच्या आसपास दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी गिझरच्या निदान दोन मीटर वर हवं. खालच्या मजल्यांना याची चिंता नसते. सर्वांत वरच्या मजल्यावर मात्र टाकी अर्धी झाली, वळणावळणाच्या पाइपांनी थोडा जोर खाल्ला, की पडदा पुरेसा सरकत नाही आणि टिकटिकही होत नाही. तिथे गिझर बदलून फरक पडत नाही. टाकी उंच करणं, छोटा पंप बसवणं किंवा कमी दाबावर चालणारं मॉडेल घेणं, हे उपाय आहेत.

दाब पुरेसा असूनही गिझर अडत असेल, तर आत येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी पाहावी. पाणीपुरवठा बंद राहून पुन्हा सुरू झाला की पहिलं पाणी गढूळ येतं, उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, आणि वाळूचे कण त्या जाळीत अडकतात. पाण्याचा कॉक बंद करून जाळी काढली आणि जुन्या ब्रशनं धुतली, की पुष्कळ गिझर पुन्हा सुरू होतात. बोअरवेलचं जड पाणी असेल तर शॉवरच्या भोकांत पांढरे क्षार साचतात आणि प्रवाह कमी होतो. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे गार आणि गरम पाण्याचे नळ एकाच वेळी पूर्ण उघडणं. गार पाणी वाट अडवतं, गिझरमधला प्रवाह मंदावतो आणि मधेच ज्योत विझते. अशा वेळी गॅसचं बटण कमी करून पाणी हवं तितकं कोमट करावं आणि गारचा नळ बंद ठेवावा.

सेलचं तंत्र थोडं फसवं असतं. भिंतीवरचं घड्याळ जुन्या सेलवर महिनोन्महिने चालतं, पण गिझरला ठिणगी पाडून शिवाय झडप उघडी धरायची असते. म्हणून दोन्ही सेल एकदम आणि नवे टाकावेत. पावसाळ्यात सेलच्या खणातल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो, तो बारीक सँडपेपरनं घासून काढावा.

टिकटिक होऊनही ज्योत येत नसेल, तर आधी स्वयंपाकघरातली शेगडी पेटवून पाहावी. तीही पेटत नसेल तर गॅसच येत नाही. ती पेटली म्हणून गिझरकडे गॅस पुरेसा आहे असं मात्र नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे साडेदहा किलोवॅट उष्णता लागते. घरातल्या तीन किलोवॅटच्या इन्स्टंट विजेच्या गिझरच्या तिपटीहून ही जास्त, आणि शेगडीच्या एका बर्नरच्या तर कितीतरी पट. सिलिंडर तळाला गेला की शेगडी कशीबशी जळते, गिझरला मात्र तेवढा गॅस पुरत नाही.

महानगर गॅस कंपनी १९९५ साली स्थापन झाली आणि मुंबईपाठोपाठ ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या इमारतींत पाइपचा गॅस आला. सिलिंडर सोडून पाइपच्या गॅसवर जाताना अनेक घरं जुना गिझर तसाच जोडून घेतात, आणि तिथे घोडं अडतं. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो घरात सुमारे २१ मिलिबार दाबानं येतो. सिलिंडरच्या गॅसचा दाब ३० मिलिबारच्या आसपास असतो आणि तेवढ्याच आकारमानात त्याच्यात अडीच पटींच्या घरात उष्णता असते. म्हणून दोघांसाठी बर्नरच्या नोझलची छिद्रं वेगवेगळ्या मापाची लागतात. चुकीच्या नोझलनं ज्योत एक तर पेटतच नाही किंवा पिवळी जळून काजळी धरते. हा बदल कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावा. छिद्र सुईनं मोठं करून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

आता तो गंभीर प्रकार: दहा-बारा मिनिटं चालून बंद पडणारा गिझर. अनेक गिझरमध्ये वीस मिनिटांनी ज्योत आपोआप विझवणारी सोय असते. पाणी फार तापलं तर, आणि काही मॉडेलमध्ये हवेतला ऑक्सिजन घटला तरी, ज्योत विझते. ही सोय कशासाठी, हे छोट्या हिशोबातून दिसतं. एक घनमीटर मिथेन पूर्ण जळायला साडेनऊ-दहा घनमीटर हवा लागते. चार फूट बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये साडेपाच घनमीटरसुद्धा हवा नसते. दारं-खिडक्या बंद असतील तर सहा लिटरचा गिझर अर्ध्या तासाच्या आत त्या खोलीतल्या सगळ्या हवेइतकी हवा मागतो. ती संपण्याच्या कितीतरी आधी ज्वलन अर्धवट होऊ लागतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गुडघे लुळे पडतात, आणि बाहेर पडावं हे सुचेपर्यंत दाराची कडी काढण्याची ताकद उरत नाही. मार्च २०२३मध्ये धुळवडीनंतर घाटकोपरमध्ये एक जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हा पोलिसांनी गॅस गिझरच्या वायूचाच संशय व्यक्त केला होता. हिवाळ्यात खिडक्या बंद असतात तेव्हा राज्यात अशा बातम्या वारंवार येतात.

हा धोका नवा नाही. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यानं १८६८मध्ये गॅसवर चालणारा पाणी तापवण्याचा बंब बनवला. त्याला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. आज ब्रिटनमध्ये घरचा गॅस बॉयलर अडला, तर रीसेटचं बटण एकदा-दोनदा दाबून पाहायचं आणि तरीही अडला तर गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्या माणसालाच बोलवायचं, अशी रीत आहे. गॅसच्या उपकरणावर धंदा म्हणून काम करायला तिथे ही नोंदणी कायद्यानं लागते. ऑक्टोबर २०२२पासून इंग्लंडमध्ये गॅसचा बॉयलर असलेल्या भाड्याच्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं घरमालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडेही असे अलार्म ऑनलाइन मिळतात. घरात गॅस गिझर असेल तर असा एक अलार्म असावाच.

कल्याण-डोंबिवलीतल्या नव्या इमारतींत गिझर बाथरूमबाहेर ड्राय बाल्कनीत बसवतात, आणि ते योग्यच आहे. अडचण नंतर येते. पावसाची झड आणि कबुतरं नकोत म्हणून बाल्कनीला काचेच्या सरकत्या खिडक्या लागतात. कपडे वाळायला टाकले की त्या लावून घेतल्या जातात. मग स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन सुरू केला की बाल्कनीतली जळकी हवा थेट घरात ओढली जाते. अशा बाल्कनीत गिझर चालू असताना एक काच उघडी हवीच. ती चुकून कुणी लावू नये म्हणून कायमची जाळी किंवा लूव्हर बसवणं उत्तम. बाथरूममध्येच गिझर असेल तर तो बाहेर हलवून घ्यावा. तोपर्यंत बादली भरून गिझर बंद करावा, मगच दार लावून अंघोळीला बसावं.

काही मिनिटांनी बंद पडणारा गिझर सेन्सरची वायर जोडून किंवा टायमर काढून कामाला लावणारे हुशार लोक प्रत्येक मोहल्ल्यात सापडतात. ती सोय काढली की गिझर जोमानं चालतो आणि त्याचबरोबर खोलीत विष साठू लागतं. असा गिझर ताबडतोब बंद ठेवावा.

गॅसचा वास आला, तर वरचं सगळं बाजूला ठेवावं. विजेचं बटण दाबायचं नाही, खिडक्या उघडायच्या, गॅसचा मुख्य कॉक बंद करायचा आणि बाहेर येऊन फोन करायचा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे, पाइपच्या गॅसचा तातडीचा क्रमांक बिलावर छापलेला असतो. अंघोळीच्या वेळी कुणी चक्कर येऊन पडलं, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणावं, गॅस बंद करावा आणि १०८वर रुग्णवाहिका बोलवावी.

एवढं करूनही गिझर अडत असेल, तर मेकॅनिकला नुसतं ‘पेटत नाही’ म्हणून सांगू नये. टिकटिक होते का, ज्योत दिसते का आणि किती सेकंद टिकते, निळी की पिवळी, सेल कधी बदलले, गॅस पाइपचा की सिलिंडरचा, डिस्प्ले असेल तर त्यावर कोणता आकडा आला, एवढं सांगितलं तर तो योग्य सुटा भाग घेऊनच येतो. मॉडेलप्रमाणे आकड्यांचे अर्थ बदलतात, म्हणून सोबतची पुस्तिका जपून ठेवावी. दिवाळीनंतर थंडी वाढण्याआधी वर्षातून एकदा बर्नरची काजळी, ती बारीक काडी, डायफ्राम आणि धुराची नळी साफ करून घ्यावी. सिलिंडरच्या सुरक्षा होजवरची तारीख पाहून पाच वर्षं झाली असतील तर ती बदलावी. काम झाल्यावर मेकॅनिकला लगेच जाऊ देऊ नये. बाल्कनीची काच उघडी ठेवून गिझर पाच मिनिटं चालवायला लावावा आणि ज्योत शेवटपर्यंत निळी राहते का ते त्याच्यासमोरच पाहावं.