नेरीसच्या पोटातली वस्ती

पुण्याला समुद्र नाही, तरी अरबी समुद्राच्या आम्लतेचा हिशेब पाषाणला मांडला जातो. तिथल्या आयआयटीएममधल्या, म्हणजे उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या, संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. पश्चिम अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच १९६० ते २०१० या काळात ८.१२ वरून ८.०५ वर आला, असं त्यात दिसतं. आकडा किरकोळ वाटतो. पण पीएचची मोजपट्टी पटीत चालते, त्यामुळे एवढ्याशा घसरणीत हायड्रोजन आयन सुमारे १७ टक्क्यांनी वाढतात.

शिंपल्यांचं, प्रवाळांचं काय होणार याची चर्चा बरीच झाली. चिखलातल्या कृमींकडे मात्र कोण बघतो? बारावीनंतर प्राणिशास्त्र घेतलेल्यांना नेरीस आठवत असेल: अंगाच्या दोन्ही कडांना पायांच्या रांगा असलेला, खाडीच्या चिखलात बीळ करून राहणारा. अंग हलवून तो बिळात पाणी खेळवतो. त्या पाण्यातला प्राणवायू बिळाच्या भिंतीत मुरतो आणि तिथे अमोनियावर जगणाऱ्या जिवाणूंची वस्ती होते. पीएच उतरला की अमोनियाचं अमोनियम होतं आणि या जिवाणूंच्या वाट्याचं अन्न घटतं. पोटातले जिवाणू वेगळेच. ते बदलतात का, हे शोधायचं तर कृमी उघडावा लागतो.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ते टेबलाशी उभं राहून पाहिलं. कोकणातून अल्कोहोलमध्ये आलेला कृमी आखडलेला, फिकट पडलेला होता. आधी तो निर्जंतुक पाण्याने धुतला, नाहीतर चिखलातले जिवाणूच पोटातले म्हणून मोजले जातात. मग सूक्ष्मदर्शकाखाली दोन चिमट्यांनी आतडं अलगद ओढलं, ओल्या दोऱ्याएवढं. मी वाकून बघायला गेलो तर संशोधक मुलगी म्हणाली, "सर, मास्क लावा आणि जरा मागे सरका. तुमचेही जिवाणू यात यायचे."

आतडं बारीक मण्यांसोबत नळीत टाकून यंत्राने जोरजोरात हलवतात. जिवाणूंची आवरणं फुटतात, डीएनए सुटतो. तो स्वच्छ करून त्यातल्या सोळा-एस नावाच्या जनुकाच्या प्रती काढतात. हे जनुक जवळजवळ सगळ्या जिवाणूंत असतं, पण प्रत्येक गटात थोडं वेगळं. त्यावरून कोण किती आहे याचा अंदाज बांधतात. अंदाजच म्हणायचा, कारण मेलेल्या जिवाणूचा डीएनएही यात मोजला जातो.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती कोरी नळी. तिच्यात कृमी नाही, चिखल नाही, फक्त रसायनं. पण बाकीच्या नळ्यांसारखंच सगळं तिच्यावरही करतात. रसायनांच्या किटमध्येच जिवाणूंचा डीएनए असू शकतो, हे २०१४ मध्ये ठळकपणे दाखवून दिलं गेलं. इवल्या आतड्यातून डीएनए जेमतेम मिळतो, तेव्हा ही भेसळ निष्कर्षच फिरवू शकते.

दुसरी खोच पाणी आम्लधर्मी करण्यात आहे. टाकीत हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं की पीएच उतरतो, पण पाण्याची क्षारताही खाली येते. समुद्रात तसं घडत नाही. म्हणून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडून पीएच ७.८ च्या आसपास आणणं जास्त खरं. शिवाय नेरीसच्या चिखलात तो अनेकदा ७.५ च्याही खाली असतो आणि खाडीत भरती-ओहोटीबरोबर हलत राहतो. अशा प्राण्याला ७.८ चं अप्रूप ते काय? नुसती टाकी, तळाशी चिखल नाही, अशा प्रयोगावर माझा तरी फार विश्वास बसत नाही.

आणि जिवाणू बदलले म्हणजे कृमीचं बिघडलं, असंही नाही. बदललेली वस्ती कदाचित त्याला तगवत असेल. ते ठरवायला त्याची वाढ, खाणं, श्वसन वेगळं मोजावं लागतं. तेव्हा आम्लतेने कृमींचे जिवाणू बदलल्याची बातमी वाचलीत, तर तीन प्रश्न जरूर विचारा: पाणी कसं आम्लधर्मी केलं, टाकीत चिखल होता का, आणि कोऱ्या नळीत काय निघालं?