दूधपिते वासरू आणि अठरा तासांचा समुद्र

आयर्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर रॉसलेअर नावाचे बंदर आहे. फ्रान्समधल्या शेरबूर्गला जाणाऱ्या फेरीबोटी येथून सुटतात. वसंत ऋतूत या बोटींवर मजले-मजले असलेले ट्रक चढतात आणि त्यांत वासरे दाटीने उभी असतात. बहुतेकांचे वय दोन ते सहा आठवडे. बोट पोचायला १७-१८ तास लागतात. तेवढा वेळ वासरे ट्रकमध्येच राहतात, आणि पुढे नेदरलँड्स किंवा स्पेनमधल्या गोठ्यांपर्यंतचा रस्ता उरलेलाच असतो.

हा व्यापार कशासाठी? गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही आणि जन्मणाऱ्या वासरांत निम्मे गोऱ्हे असतात. आयर्लंडमधला दूधधंदा कुरणांवर चालतो. गवत वाढू लागते त्या सुमारास बहुतेक गाई एकदमच वितात. २०१५ मध्ये युरोपीय संघाने दूध उत्पादनावरील मर्यादा उठवली, गाई वाढल्या, गोऱ्हेही वाढले. दुधाळ जातीच्या गोऱ्ह्याच्या अंगावर मांसही बेताचेच भरते, म्हणून कोवळ्या मांसासाठी वासरे पोसणाऱ्यांना ते विकले जातात. २०१८ आणि २०१९ मध्ये दरवर्षी लाखाहून अधिक वासरे अशी परदेशी गेली.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. जनावरांच्या वाहतुकीचे नियम करताना वासरू म्हणजे लहान आकाराची गाय, असे नकळत गृहीत धरले जाते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते खरे नाही.

मोठ्या गाईचे कोटीपोट म्हणजे चाऱ्याचे भांडारच असते. त्यातला चारा सूक्ष्मजीव हळूहळू कुजवतात आणि त्यावर गाय काही तास सहज काढते. दोन-तीन आठवड्यांच्या वासराचे कोटीपोट जवळजवळ निकामी असते. वासरू चोखू लागले की अन्ननलिकेच्या टोकाशी असलेल्या घड्या मिटून पन्हळ तयार होते आणि दूध कोटीपोट टाळून थेट चौथ्या कप्प्यात, म्हणजे खऱ्या जठरात, उतरते. तेथे रेनिन हे विकर दूध साकळवते. या वासरापुढे गवत टाकून उपयोग नाही. त्याला कोमट दूधच हवे. ट्रकमधल्या नळ्यांतून पाणी येते आणि धातूची तोटी तोंडात कशी धरायची हे पुष्कळ वासरांना कळतही नाही. बंदरावर चढण्यापूर्वी दूध पाजले, तरी पुढचे दूध शेरबूर्गजवळच्या विश्रांतिस्थळी. ट्रक भरणे, बोटीची वाट पाहणे, समुद्र, उतरणे हे सारे मिळवले तर दोन पाजण्यांमधले अंतर किती होते, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर मांडून पाहू द्यावे.

दुसरी अडचण रोगप्रतिकाराची. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे वारेतून मिळतात. गाईच्या वारेतून ती जात नाहीत. वासराला ती फक्त चिकातून मिळतात, आणि तीही पहिल्या दिवसातच, कारण त्यानंतर आतड्यातून ती शोषली जात नाहीत. (आपण ज्याचा खरवस करतो तो हाच चीक. गोठ्यातली जाणती माणसे वासराचे पोट भरल्यावरच उरलेला चीक काढतात ते उगीच नाही.) ही उसनी प्रतिपिंडे पुढे घटत जातात आणि वासराची स्वतःची अजून पुरेशी तयार झालेली नसतात. ही पोकळी नेमकी दोन ते चार आठवड्यांच्या सुमारास पडते. त्याच वेळी निरनिराळ्या गोठ्यांतली वासरे एकत्र कोंबली जातात!

वाटेत मरणाऱ्या वासरांची संख्या कमी असते, हा व्यापाऱ्यांचा नेहमीचा युक्तिवाद. पण हगवण आणि फुप्फुसदाह पुढच्या काही आठवड्यांत दिसतात, तेव्हा त्यांची नोंद वाहतुकीच्या खात्यावर होत नाही. महिन्याच्या आतल्या वासरांच्या रक्तात ताणाचे संप्रेरकही प्रवासात फारसे वाढलेले आढळत नाही. ही स्वस्थता नसून ताणाला तोंड देण्याची यंत्रणाच पिकलेली नसते, असे काही संशोधकांचे मत आहे, आणि मला ते पटते.

युरोपीय संघाच्या २००५ च्या नियमानुसार दूधपित्या वासरांना ९ तास प्रवास, किमान १ तास विश्रांती आणि पुन्हा ९ तास प्रवास अशी मुभा आहे. मधल्या तासात त्यांना पाणी आणि गरज असेल तर खाद्य द्यायचे. भर समुद्रात, ट्रकच्या तीन मजल्यांवर हे कोणी करायचे? ब्रिटनमध्ये या व्यापाराविरुद्ध १९९५ मध्ये शोरहॅम आणि ब्राइटलिंगसी बंदरांवर मोठी निदर्शने झाली होती. कत्तलीसाठी किंवा पोसण्यासाठी वासरे निर्यात करण्यावर बंदी घालणारा कायदा मात्र मे २०२४ मध्ये झाला. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये वासरू किमान ५ आठवड्यांचे आणि ५० किलोचे असावे, असा प्रस्ताव मांडला. म्हणजे शेतकऱ्याने त्याला आणखी काही आठवडे दूध पाजायचे. त्या दुधाची किंमत कोण देणार, यावर घोडे अडते.

एक वाट प्रयोगशाळेतून जाते. गाईबैलांत एक्स गुणसूत्र असलेल्या शुक्रपेशीत वाय असलेल्या पेशीपेक्षा सुमारे ४ टक्के अधिक डीएनए असते. चमकणारा रंग चढवून, लेसरच्या झोतासमोरून एकेक पेशी सोडून त्या वेगळ्या करता येतात. अशा रेताने दहापैकी नऊ कालवडी होतात. हे रेत महाग असते आणि गर्भ राहण्याचे प्रमाण थोडे कमी, तरी आयर्लंडमध्ये त्याचा वापर वाढतो आहे. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला गोठ्यात जागा न उरलेल्या आपल्या गावांतही ते पोचले आहे.