घाट उतरणारे अपील : तालुक्याच्या न्यायासनापासून उच्च न्यायालयापर्यंत

मावळ तालुक्यातील जमिनीच्या वाटपाचा दावा वडगाव येथील कनिष्ठ स्तर न्यायालयात निकाली निघाला, म्हणजे त्यावरचे पहिले अपील पूर्वेकडे, पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जाते. आणि तेथील निर्णयात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उरलेला असेल, तरच दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १०० खालचे दुसरे अपील बोरघाट उतरून मुंबई उच्च न्यायालयात पोहोचते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला फिरते खंडपीठ सुरू झाल्यानंतरही पुणे जिल्हा मुंबईच्याच मुख्य पीठाकडे राहिला, त्यामुळे वडगाव-लोणावळ्याच्या पक्षकारांची वाट बदललेली नाही. प्रकरणाची ही वाट कायद्याने आखून दिलेली आहे. मात्र त्या अपिलावर अखेरचा हात फिरवणारा न्यायाधीश त्या आसनापर्यंत दोन अगदी भिन्न वाटांनी येतो, आणि त्या वाटांमधील अंतर न्यायाच्या गुणवत्तेशी थेट निगडित आहे.

पहिली वाट न्यायिक सेवेची. संविधानाच्या अनुच्छेद २३४ नुसार लोकसेवा आयोगाची पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत पार करून उमेदवार ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग’ होतो. त्यासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली. भाईंदरजवळच्या उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीत प्रशिक्षण घेऊन तो तालुक्याच्या न्यायासनावर बसतो, तेव्हा दावा, कैफियत, मुद्दे, सरतपासणी, उलटतपासणी आणि रोजनामा हेच त्याचे दैनंदिन जग होते. पुढे वरिष्ठ स्तर आणि त्यानंतर जिल्हा न्यायाधीश या पायऱ्या येतात. जिल्हा न्यायाधीशांच्या जागा काही ज्येष्ठता व गुणवत्ता पाहून बढतीने, काही मर्यादित विभागीय परीक्षेतून आणि एक चतुर्थांश थेट भरतीने भरल्या जातात. थेट भरती हे पूर्वी सात वर्षे वकिली केलेल्यांचेच क्षेत्र होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये घटनापीठाने सेवेतील न्यायाधीशांनाही तेथे स्पर्धेची मुभा दिली.

दुसरी वाट वकिलीतून जाते. अनुच्छेद २१७ नुसार दहा वर्षे न्यायिक पद सांभाळलेली किंवा दहा वर्षे उच्च न्यायालयात वकिली केलेली व्यक्ती तेथील न्यायाधीशपदास पात्र ठरते. १९९३ च्या निकालातून आकाराला आलेल्या न्यायवृंदाच्या, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या निवड मंडळाच्या पद्धतीत उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठतम न्यायमूर्ती नावे सुचवतात व सर्वोच्च न्यायालयाचे न्यायवृंद त्यांवर निर्णय घेऊन केंद्र सरकारकडे शिफारस करते. साधारण दोन तृतीयांश जागा वकिलांतून आणि एक तृतीयांश सेवेतून भरण्याचा प्रघात आहे. अमेरिकेत संघीय अपील न्यायालयाचा न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट त्यास संमती देते आणि तो तहहयात पदावर राहू शकतो. भारतात मात्र उच्च न्यायालयाचा न्यायाधीश बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो.

ही वयोमर्यादाच दोन वाटांमधील खरी दरी आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी निवडल्या गेलेल्या वकिलाला उच्च न्यायालयात सतरा वर्षे मिळतात, तर एकेक पायरी चढत आलेल्या जिल्हा न्यायाधीशाने तेथे पोहोचेपर्यंत बहुधा पन्नाशी ओलांडलेली असते, आणि ज्येष्ठतेला महत्त्व असल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाचे दार त्याच्यासाठी क्वचितच उघडते. यशवंतराव चंद्रचूड १९६१ मध्ये उच्च न्यायालयात, १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आणि १९७८ मध्ये सरन्यायाधीशपदी पोहोचले, ते वकिलीच्या वाटेने. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली सुरू करणारे अभय ओक २००३ मध्ये उच्च न्यायालयात आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. जिल्ह्याच्या न्यायालयाचा अनुभव वकिलीतूनही वर जाऊ शकतो, हे त्यांच्या वाटचालीवरून दिसते.

सेवेच्या वाटेचे सर्वांत मोठे मराठी उदाहरण न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे आहे. १८७१ मध्ये पुण्यात दुय्यम न्यायाधीश झालेले रानडे राजकीय संशयापायी नाशिक व धुळे येथे बदलले गेले आणि उच्च न्यायालयात १८९३ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पोहोचले. त्याआधी दख्खनच्या शेतकरी कर्जदारांसाठी केलेल्या १८७९ च्या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांतील कनिष्ठ न्यायाधीशांच्या निकालांचे कागद त्यांनी तपासले होते. सावकाराचे खत आणि कुणब्याचा अंगठा यांमागची हकीकत त्यांना जवळून ठाऊक होती. उच्च न्यायालयाला ती जाण मिळाली, पण जेमतेम सात वर्षे.

या जाणिवेचे मोल एका छोट्या तरतुदीतून स्पष्ट होते. दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १८, नियम १२ नुसार साक्ष नोंदवणारा न्यायाधीश साक्षीदाराच्या वर्तनाविषयी शेरा लिहू शकतो. सातबारावर बहिणीचे नाव का लागले नाही, या प्रश्नावर भाऊ क्षणभर थांबला, त्याने खाली पाहिले आणि मग उत्तर दिले, हे वडगावच्या न्यायासनाला दिसते. निशाणी क्रमांक पडलेल्या कागदांत मात्र केवळ उत्तर उरते. अपील ऐकणाऱ्या न्यायमूर्तींसमोर हेच कागद येतात, आणि ज्याने असे थांबणे स्वतः पाहिले आहे, तो त्या कोरड्या ओळी अधिक सावधपणे वाचतो.

म्हणून मर्यादित विभागीय परीक्षेचा वाटा २०२५ मध्ये पुन्हा पंचवीस टक्के करण्याचा निर्णय केवळ सेवाशर्तींचा प्रश्न नव्हे. तालुक्यातील गुणी न्यायाधीश लवकर वर यावा आणि उच्च न्यायालयात त्याच्या हाती पुरेशी वर्षे उरावीत, ही गरज मुळात त्या बहिणीची आहे, जिचे अपील घाट उतरून मुंबईला पोहोचते, पण जिचा आवाज वडगावलाच राहतो.