टोकाची भूमिका

कर्करोग म्हटला की बिघडलेली जनुकं आठवतात. पण डीएनएची घडी कशी पडली, कोण कुणाच्या शेजारी आलं आणि टोकं किती झिजली, यावरही कुठलं जनुक जागं होणार आणि कुठलं झोपून राहणार ते ठरतं. त्याचे हे काही मासले.

सहा अक्षरी पालुपद
गुणसूत्राचं टोक म्हणजे टेलोमिअर. माणसाच्या टेलोमिअरमध्ये टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजार-दोन हजार वेळा लागोपाठ येतात. त्यात कुठल्याही प्रथिनाची कृती लिहिलेली नसते. असं पालुपद पहिल्यांदा सापडलं ते तळ्यातल्या टेट्राहायमेना नावाच्या एकपेशीय जिवात. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांनी ते १९७८मध्ये जाहीर केलं. त्याच्या आणि आपल्या पालुपदात फरक फक्त एका अक्षराचा!

पन्नाशीला निवृत्ती
प्रयोगशाळेत वाढवलेल्या निरोगी मानवी पेशी साधारण ५० वेळा विभागल्या की थांबतात, हे लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१मध्ये दाखवलं. का थांबतात? डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेला अगदी शेवटचं टोक उतरवता येत नाही, म्हणून दर विभाजनात ते थोडं तोकडं होत जातं, असा तर्क मॉस्कोच्या अलेक्सी ओलोव्हनिकोव्ह यांनी १९७१मध्ये मांडला. तो खरा ठरला.

सुट्टीच्या दिवशी लागलेला शोध
झिजलेलं टोक पुन्हा वाढवणाऱ्या विकराचा, म्हणजे टेलोमरेझचा, माग कॅरल ग्रायडर यांना लागला तो २५ डिसेंबर १९८४ रोजी. ऐन नाताळात त्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत होत्या. २००९चं नोबेल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना मिळालं. आपल्या बहुतेक पेशींत हे विकर बंद असतं. सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत मात्र ते पुन्हा सुरू झालेलं सापडतं. उरलेल्यांतले बरेच एका गुणसूत्राचं टोक पाहून दुसऱ्याचं वाढवतात!

पदर पोहोचला नाही की...
टेलोमरेझचा मुख्य भाग बनवणारं टीईआरटी जनुक पाचव्या गुणसूत्रावर, टोकापासून अवघ्या बारा-तेरा लाख अक्षरांवर आहे. पदर लांब असला की पाठीवरून घेऊन कमरेला खोचता येतो, तसं लांब टेलोमिअर वळून या जनुकापर्यंत पोहोचतं आणि त्याला दाबून ठेवतं. पदर तोकडा पडला की घडी सुटते आणि जनुक उघडं पडतं. टेक्सासमधल्या जेरी शे आणि वुड्रिंग राइट यांच्या गटाने हे २०१६मध्ये दाखवलं. म्हणजे टोक नुसतं झिजत नाही; झिजता झिजता दूरच्या जनुकांचा कारभारही बदलतं.

एका अक्षराची करामत
२०१३मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात गंमत आढळली. टीईआरटी जनुक शाबूत, पण त्याच्या आधीच्या नियंत्रक भागात एका 'सी'चा 'टी' झालेला. तेवढ्याने एका प्रथिनाला तिथे बसायला नवी जागा मिळते आणि जनुक सुरू होतं.

चारपेडी डीएनए
दोनपेडी गोफ सगळ्यांना माहीत आहे. पण जिथे 'जी' अक्षरांची गर्दी असते, तिथे डीएनए चारपेडीही होतो. टेलोमिअरमध्ये तो होतो, तसाच कर्करोगातल्या कुख्यात एमवायसी जनुकाच्या नियंत्रक भागातही. चेन्नईत जन्मलेले शंकर बालसुब्रमण्यम यांच्या केंब्रिजमधल्या गटाने २०१३मध्ये मानवी पेशींतल्या अशा चारपेडी रचना प्रतिपिंडाच्या मदतीने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या.

शेजार बदलला, स्वभाव बदलला
बर्किट लिम्फोमा या कर्करोगात आठव्या गुणसूत्रावरचं हेच एमवायसी बहुतेकदा चौदाव्यावर जाऊन पडतं, प्रतिपिंड बनवणाऱ्या जनुकाच्या शेजारी. तिथला नियंत्रक अखंड कामाला लावणारा. एमवायसीही मग थांबत नाही. मेंदूच्या काही गाठींत तर जागाही बदलत नाही. डीएनएच्या दोन विभागांमधली सीमा राखणारं सीटीसीएफ प्रथिन रासायनिक खुणांमुळे जागेवरून सुटतं आणि परक्या विभागातला नियंत्रक पीडीजीएफआरए या जनुकाला जागं करतो.

उंदीर जिंकला, पण...
प्रयोगशाळेतल्या उंदरांची टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात. आयुष्य? दोन-तीन वर्षं.

औषध आलं, जाहिरातीही आल्या
टेलोमरेझला रोखणाऱ्या पहिल्या औषधाला, इमेटेलस्टॅटला, अमेरिकेत जून २०२४मध्ये मान्यता मिळाली. ते अस्थिमज्जेच्या एका विकारासाठी आहे. दुसरीकडे बाजारात 'टेलोमिअर वाढवा, तरुण राहा' म्हणणाऱ्या गोळ्याही मिळतात. पीओटी१ जनुकातल्या बदलामुळे ज्यांची टेलोमिअर जन्मतःच लांब असतात, त्यांच्यात मेलानोमासारख्या कर्करोगांचा धोका उलट वाढलेला दिसतो. गोळी विकत घेण्याआधी एवढं ध्यानात असू द्यावं: न थकता विभागत राहणं ही कर्करोगाच्या पेशीचीच हौस आहे.